यादोराव काकाजींचा कॅमशाफ्ट

एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या: गाडीच्या इंजिनातला कॅमशाफ्ट मोठा असावा की लहान, याचा विचार तुम्ही आयुष्यात एकदा तरी केला आहे का?

केला नसेल, तर गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या यादोराव काकाजींशी तुमची गाठ पडलेली नाही. पडली असती तर नमस्काराच्या आधी त्यांनी तुम्हाला हेच विचारलं असतं. "मोठा का लहान?" तुम्ही कोण, कुठले, कुणाकडे आलात, हे सगळं मागाहून. आरोग्य केंद्रात नव्या सिस्टर आल्या, त्यांना पहिल्याच दिवशी हा प्रश्न गेला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "सुई लहानच असते बाबा, घाबरू नका." एका वरातीत काकाजींनी घोडा थांबवून नवरदेवाला विचारलं. बँडच्या गोंगाटात नवरदेव गोंधळून "मोठा" म्हणाला, आणि जेवणाच्या पंगती उठेपर्यंत काकाजी मांडवात सांगत फिरले, "पोरगा पळन, पन संसार चढावर बंद पडन."

कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे मलाही त्यांनीच सांगितलं. इंजिनात झडपा असतात. हवा-पेट्रोल आत घ्यायचं आणि धूर बाहेर सोडायचा, हे त्यांचं काम. त्या कधी उघडायच्या, किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे ठरवणारा एक दांडा असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटे मोठे असले की काकाजींच्या भाषेत शाफ्ट मोठा. मोठ्या शाफ्टची गाडी वेगात गेली की वाघ होते, पण हळू चालवली की थरथरते, गडगडते, खोकते आणि भलत्या जागी बंद पडते. लहान शाफ्टची गाडी खालूनच ओढते, शांत चालते, पण पुढे पळायची वेळ आली की तिची हौस संपलेली असते. दोन्ही गुण एका शाफ्टमध्ये बसत नाहीत.

या एका ज्ञानावर काकाजींनी सगळ्या मनुष्यजातीची वाटणी केली होती. माणसं दोनच प्रकारची, मोठ्या शाफ्टसारखी वरच्या दमाची आणि लहान शाफ्टसारखी खालच्या दमाची. निवडणुकीपुरते गावात दिसणारे पुढारी वरच्या दमाचे. "उभा असला का नुसता गडगडते. हलत नाही." त्यांच्या पत्नी सुमनकाकू खालच्या दमाच्या. "आवाज नाही, पन घर ओढते." आणि मी?

"तू वरच्या दमाची, पोरी. माईक भेटला का पळतेस. घरी मायनं भांडे घासाले सांगितले का बंद."

मला राग आला होता. खरं असल्यामुळे जास्त आला होता. मी वस्तीतली, बौद्ध शेतमजुराची मुलगी. आमच्या घरात देवघराची जागा नव्हती, पत्रकांची होती. बाबा प्रत्येक सभेतून पत्रक घेऊन यायचे आणि मी त्यांवर अक्षरं गिरवायची. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. काकाजी हे गावातल्या मोठ्या घरचे, धानाच्या गिरणीचे मालक. त्यांची जीप गल्लीतून गडगडत गेली की आमच्या भिंतीवरची भांडी वाजायची. मी त्यावरही पत्रक काढलं. गोंगाट करणाऱ्या गाड्या गावाबाहेर ठेवा, अशी मागणी केली. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही.

पत्रक वाचून काकाजी दुसऱ्या दिवशी आमच्या दारात. बाबा घाबरले. काकाजींनी कागद माझ्यापुढे धरला.

"सायलेन्सर कायले लिहिलं तू? आवाज सायलेन्सरचा नाही, शाफ्टचा हाये. दुरुस्त कर, मंग वाट."

"बाकी मजकूर पटला का, काकाजी?"

"बाकी मी वाचला नाही."

ती जीप म्हणजे एक प्रकरणच होतं. अंग जुन्या जीपचं आणि पोटात सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कुठल्याशा परदेशी मोटारीचं, भंगारातून उचललेलं. ते बसावं म्हणून काकाजींनी जीपचं नाक लांबवलं होतं, त्यामुळे ती समोरून येताना आधी नुसतं बॉनेट यायचं आणि बऱ्याच वेळानं काकाजी. कार्बोरेटर बदललेला, हवेच्या वाटा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि आत अर्थात मोठा शाफ्ट. सुमनकाकू म्हणायच्या, "हे मले पाहाले आले होते तं हाताले ग्रीस होता. तसेच पोहे खाल्ले. मी तईच समजली, आपन दुसरी."

त्या जीपला शत्रू मानणारी मी तिच्या स्टिअरिंगवर कशी बसले, ते सांगते.

आमच्या बचत गटाला एक छोटा टेम्पो मिळाला. तांदूळ, पोहे, मुरमुरे बाजारात नेऊन विकायचे. टेम्पो आला, पण चालवणार कोण? भाड्याचा ड्रायव्हर त्याच्या सोयीनं यायचा, बाजार उठल्यावर पोचवायचा आणि वर आम्हालाच दटावायचा. मी बैठकीत म्हटलं, आपणच शिकू. बायका हसल्या. फक्त वनिताताई हसली नाही. वनिताताई माझ्याहून पुष्कळ मोठी, रोवणीच्या, म्हणजे धानलावणीच्या, टोळीत सगळ्यांच्या पुढे चालणारी. ती म्हणाली, "मी शिकते. पन शिकवन कोन?"

नव्या टेम्पोवर शिकायची कुणाची छाती नव्हती. त्याला ओरखडा पडला असता तर गटच फुटला असता. गावात गाड्या असलेल्या पुरुषांकडे विचारून पाहिलं. एकानं सांगितलं, क्लच बायकांच्या पायाला झेपत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, आधी घरच्यांची परवानगी आणा. आम्ही चौकात उभ्या राहून पुढं काय करायचं ते बोलत होतो, तेवढ्यात काकाजी येऊन ठाकले.

"कोन शिकवते म्हंजे? मी मेलो का?"

आमच्या वस्तीतल्या बायका त्यांच्या जीपच्या पुढच्या सीटवर बसल्या तेव्हा गावात कुणाकुणाच्या पोटात दुखलं, त्यांची नावं मला पाठ आहेत. इथे देत नाही, कारण हा लेख उपकार मानण्यासाठी लिहिला आहे. काकाजींच्या तोंडून मात्र "तुम्ही वस्तीतल्या" असा शब्द आम्ही एकदाही ऐकला नाही. ते आम्हाला वरच्या दमाच्या आणि खालच्या दमाच्या म्हणूनच ओळखायचे.

शिकवण्याची त्यांची पद्धत वेगळीच होती. ते स्वतः गाडी कधी चालवून दाखवायचे नाहीत. हल्ली त्यांनी स्टिअरिंग सोडूनच दिलं होतं. का म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "ड्रायव्हर नोकर असते. मी मालक हावो. मालक बाजूले बसते." बाजूला बसून एक हात समोरच्या पत्र्यावर सपाट ठेवायचे आणि अखंड बोलायचे. त्यात आपल्याला शब्द घुसवायला फट मिळायची नाही. मिळाली तर मात्र मान वळवून तुमच्या तोंडाकडे असं टक लावून पाहायचे की आपण काहीतरी महत्त्वाचं बोलतोय असं वाटायला लागायचं. बाईचं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकणारा दुसरा पुरुष मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही.

सपाट रस्त्यावर आम्ही लवकर तयार झालो. घोडं अडलं ते कालव्यावर. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाळीवर चढायला एक छोटासा, पण उभा चढ आहे. बाजाराला जायचं तर तो चढावाच लागतो. मोठ्या शाफ्टच्या गाडीत खाली दम नसतो. वनिताताई क्लच सोडायची, इंजिन दोनदा गडगडायचं, जीप म्हशीसारखी अंग झाडायची आणि बंद. मग मागे घरंगळायची. बांधांवर कापणीची माणसं असायची. त्यांना फुकटचा तमाशा.

"वनिते, उतरून लोट!" बांधावरून कुणीतरी ओरडायचं.

"तुह्या बायकोले पाठव लोटाले," वनिताताई उलट ओरडायची, "ते बी शिकन!"

पण एकदा जीप घरंगळत थेट धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, गेली. बैलजोडी लावून काढावी लागली. त्या दिवशी वनिताताई उलट ओरडली नाही. उतरली, लुगड्याचा चिखल झटकला आणि म्हणाली, "सुजाता, आता आणखी एकदा बंद पडली ना, तं मी या गाडीत पाय ठेवत नाही. तुमच्या टेम्पोले आना तोच ड्रायव्हर."

तिनं सोडलं असतं तर बाकीच्या बायका तिच्या मागोमाग सोडणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी काकाजींना सरळ सांगितलं, शाफ्ट बदला. लहान टाका. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गाडीले काही झालं नाही. बायांचे पाय कच्चे हायेत."

आणि नेमकं त्याच आठवड्यात गाडीला झालं. इंजिनातून टक टक असा आवाज यायला लागला. मला ऐकू आला, वनिताताईला आला, पानठेल्यावरच्या लोकांना आला. काकाजी म्हणत राहिले, "काही नाही, मस्त चालून राहिली." सुमनकाकू नुसत्या म्हणाल्या, "आपल्या लेकराची खोड कोनाले दिसते बापा," आणि आत गेल्या. शेवटी जीप रस्त्यातच बसली. ओढून गोंदियाला मिस्त्रीकडे नेली, तर शाफ्टचे उंचवटे झिजून सपाट झालेले. नवा शाफ्ट नागपूरहून घासून आणायचा होता. मिस्त्रीचा एकच प्रश्न, बड़ा या छोटा?

म्हणजे काकाजी जो प्रश्न आयुष्यभर जगाला विचारत आले, तो पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना विचारला. आणि त्यांना उत्तर देता येईना.

ते दिवस गावानं विसरू नयेत असे होते. काकाजी रोज ओट्यावर बसायचे आणि येईल त्याला पकडायचे. पोस्टमन म्हणाला मोठा. दूधवाला म्हणाला लहान, कारण त्याची म्हैस मोठ्या आवाजानं पान्हा चोरते. शाळेचे गुरुजी म्हणाले मध्यम. त्यांच्याशी काकाजी पुढे बोललेच नाहीत. मिस्त्रीचे फोन यायचे, ते सुमनकाकू घ्यायच्या. "हो जी, सांगतो म्हंतात. हो जी, इचार करून राहिले." माझ्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काय होतं? एका बाजूला म्हाताऱ्या माणसाची गडगडाटाची हौस, दुसऱ्या बाजूला गटाच्या सगळ्या बायकांची भाकर. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. पत्रकात लिहावं तसं, उद्गारचिन्हांसकट.

अखेर एका सकाळी ते म्हणाले, "चाला गोंदियाले. त्या वनितालेही घे."

अर्जुनीहून रेल्वेनं आम्ही गोंदियाला गेलो. मिस्त्रीच्या दुकानात जीप नाक उघडून उभी होती. मिस्त्री गोंदियाचा, त्यामुळे हिंदीत बोलणारा. त्यानं चहा मागवला आणि काकाजींच्या अगदी समोर स्टूल ओढून बसला.

"काकाजी, पहले ये बताओ, गाडी से काम क्या लेना है?"

"पळवाची हाये."

"कहाँ?"

"कालव्याच्या पाळीवर."

"वहाँ तो गाय बैठी रहती है." मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "देखो, बड़ा डालूँगा तो नीचे मुर्दा, ऊपर शेर. छोटा डालूँगा तो नीचे से खींचेगा, ऊपर चुप. शाफ्ट काम देख के चुनते हैं, मन देख के नहीं."

काकाजी वनिताताईकडे वळले. "तू सांग. मोठा का लहान?"

"मले काय समजते, काकाजी," वनिताताई म्हणाली. "मले तं फक्त त्या चढावर इज्जत पायजे."

काकाजींनी झिजलेला शाफ्ट मांडीवर घेतला. त्याच्या एकेका उंचवट्यावरून अंगठा फिरवला. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. मग शाफ्ट खाली ठेवून ते म्हणाले, "लहान."

"पक्का? बाद में मत बोलना कि आवाज़ नहीं आ रही."

"नाही म्हनत."

परतीच्या गाडीत मी जिंकल्यासारखी बसले होते. काकाजी खिडकीबाहेर पाहत होते आणि अर्जुनी येईपर्यंत कॅमशाफ्टविषयी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची हौस गेली म्हणून फुगून बसलेत, असं मी वनिताताईच्या कानात सांगितलं.

जीप परत आली ती ओळखू येईना. गल्लीतून गेली तर आमची भांडी जागची हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कालव्यावर गेलो. वनिताताई स्टिअरिंगवर, काकाजी बाजूला, मी मागे. बांधावरची माणसं काम थांबवून उभी राहिली. वनिताताईनं ओठ दाबून धरले आणि क्लच सोडला. जीप चढली. कुठे हिसका नाही, थरथर नाही, डोक्यावर भरली घागर घेऊन चालावं तशी चढली. वर पाळीवर जाऊन उभी राहिली. वनिताताईनं गिअर काढला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून बांधाकडे अशी काही ओरडली की कालव्यातले बगळे उडाले.

मी टाळ्या वाजवत होते. काकाजी समोर पाहत होते. त्यांचे दोन्ही तळहात समोरच्या पत्र्यावर दाबून ठेवलेले होते. मग त्यांनी मान वळवली आणि हळूच वनिताताईला विचारलं,

"चालू हाये ना?"

वनिताताई खळखळून हसली. "काय काकाजी, मस्करी करता!"

ते मस्करी करत नव्हते. इंजिन चालू होतं, मला स्वच्छ ऐकू येत होतं. काकाजी तळहात पत्र्यावर थोडा पुढे-मागे सरकवून ते शोधत होते.

संध्याकाळी मी सुमनकाकूंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुले समजलं ना." मग सूप बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. गिरणी काकाजींची स्वतःची, पण ते कधी गादीवर बसले नाहीत. सगळं आयुष्य मशीनला चिकटून उभे. त्या खडखडाटानं आधी एक कान नेला, मागून दुसरा. हॉर्न ऐकू येईना म्हणून एक दिवस स्वतःच चावी काढून काकूंच्या हातात ठेवली. दवाखान्याचं नाव काढलं की उठून जायचे.

"त्या मोठ्या शाफ्टाचा गडगडाट तेवढा त्यायले समजे," काकू म्हणाल्या. "कानानं नाही, बुडाखाली. हादरा बसे ना. सकाळी गाडी चालू करून नुसते बसून राहत. मले म्हनत, सुमन, हे एक आयकू येते."

मला तिथं बसवेना. गोंदियाच्या दुकानात साय धरलेला तो चहा डोळ्यांपुढून हलेना. "लहान" म्हणताना त्यांनी काय सोडून दिलं, हे दुकानात फक्त त्यांनाच माहीत होतं.

आज वनिताताई आमचा टेम्पो चालवते. मी चालवते. गटातल्या आणखी बायका त्याच जीपवर शिकताहेत, आणि चढावर कुणाचीही इज्जत जात नाही. काकाजी अजून बाजूला बसतात. गाडी चालू आहे हे त्यांना कळावं म्हणून आम्ही आता चावी फिरवली की त्यांच्या मनगटाला हात लावतो. हे कुणी ठरवलं नाही. वनिताताईनं एकदा केलं, मग सगळ्याच करायला लागल्या. हात लागला की ते मान हलवतात आणि बोलायला सुरुवात करतात.

हा लेख लिहिण्याआधी मी त्यांच्यासमोर उजेडात बसले आणि सावकाश विचारलं, "काकाजी, तुमच्यावर लिहू का? कानांचंही?"

त्यांनी माझं तोंड नीट वाचलं.

"लिही. पन माह्यावर कायले कागद खराब करते? मी मालक होतो, मले कोनी उभं केलं नव्हतं. माह्या बाजूले जे पोते ओतत होते, त्यायच्याकडे पाह. ते तं अजूनही उभे हायेत, दुसऱ्याच्या गिरनीत."

म्हणून वाचकहो, हा शेवटचा मजकूर पत्रक समजून वाचा. आपल्या जिल्ह्यात गिरण्यांची कमी नाही. तुमच्या घराजवळही एक असेल. उद्या तिथे जा. मशीन बंद होईपर्यंत थांबा. मग तिथे काम करणाऱ्या माणसाला पाठीमागून, साध्या आवाजात, त्याच्या नावानं हाक मारा. त्यानं वळून पाहिलं तर मालकाला सांगा, याच्या कानाला झाकण द्या, आजच द्या. आणि त्यानं वळून पाहिलं नाही, तर हसू नका, ओरडू नका. फिरून त्याच्या समोर जा, त्याला तुमचं तोंड दिसेल असं उभं राहा, आणि त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जा.